गावचं घर बांधताय? आधी लाकूड वाळू द्या

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरात अम्मी एकटी होती. मी मुंब्र्यात, धाकटा भाऊ मस्कतला आणि सगळीकडे लॉकडाऊन. दुपारपासून तिचा फोन लागेना. ई-पास काढून चौथ्या दिवशी मी गावात पोहोचले, तेव्हा चिऱ्याच्या भिंती जागच्या जागी उभ्या होत्या आणि वर आभाळ दिसत होतं. कौलांचा अंगणात सडा पडला होता, निम्मे वासे शेजारच्या वाडीत जाऊन पडले होते आणि दादाजींनी लावलेला रायवळ आंबा मुळासकट उपटून पडवीवर आडवा झाला होता. "मोरीवर स्लॅब होता, म्हणून तिथे जाऊन बसले," एवढंच अम्मी म्हणाली.

पाऊस तोंडावर आला होता. पत्रे मिळेनात, सुतार मिळेनात, वीज तर कित्येक दिवस नव्हती. लाकूड मात्र हवं तेवढं होतं, कारण सगळ्या गावाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. मग आम्हीही तेच केलं जे इतरांनी केलं. पडलेला आंबा आणि मागच्या परसातला फणस तिथल्या तिथे चिरून घेतला. त्याचेच वासे, त्याच्याच रिपा, पुढचं-मागचं दार आणि दोन खिडक्या. पाच आठवड्यांत घर पुन्हा उभं राहिलं. भाऊ व्हिडिओ कॉलवर रडला. मीही स्वतःवर खूश होते.

नोव्हेंबरात पाऊस गेला, उत्तरेचा वारा सुटला आणि घर बोलू लागलं. रात्री आढ्याकडून टक-टक आवाज येत. दाराच्या फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढ्या फटी पडल्या. पुढच्या दाराला पीळ पडला. खालचा कोपरा चौकटीला टेकायचा आणि वरचा दोन बोटं बाहेर राहायचा. कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. मला हे कळलं जानेवारीत, मुक्कामाला गेले तेव्हा. अम्मी रात्री दार नायलॉनच्या दोरीने खुंटीला बांधून झोपत होती. दोन महिने. फोनवर एक शब्द बोलली नव्हती, कारण दुबईहून, मस्कतहून कसा पैसा येतो हे तिला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. छप्पर राहिलं, पण कौलं सरकली. का सरकली ते नंतर समजलं. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळलं की सैल होतो, त्याची पकड जाते. बोल्ट मारले असतील तर नटही ढिले पडतात. वादळातून वाचायला म्हणून आपण खिळे वाढवतो आणि लाकूड ते खिळे हळूच सोडून देतं. पावसाळ्यात वाशांची भिंतीत बसलेली टोकं काळी पडली, बुरशी आली. आणि रोज सकाळी अम्मीच्या पलंगावर पिठासारखा बारीक भुसा. वर पाहिलं तर वाशाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं.

या सगळ्याला आम्ही 'आंब्याचं लाकूडच हलकं' असं म्हणत होतो. ते अर्धंच खरं. आंबा टिकाऊ लाकडात मोडत नाही हे खरं, पण त्याच वर्षी गावातल्या एका घरात नवाकोरा साग बसवला होता आणि त्याच्याही झडपा अशाच वाकल्या. दोष ओलीचा होता.

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत भरलेलं, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. धुतलेली चादर पिळली की पाणी निथळतं तसं पोकळीतलं पाणी आधी जातं, आणि तोवर लाकडाच्या मापात फरक पडत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतीतलं पाणी निघू लागतं, आणि खरं आकुंचन तिथून सुरू होतं. त्यातही लाकूड सगळीकडून सारखं आटत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. पण वर्तुळांच्या दिशेने जेवढं आटतं त्याच्या जेमतेम निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे आटतं. या विषमतेमुळेच फळी वाकते, पीळ खाते. साग तर फार कमी हलणारं लाकूड. तरीही दहा इंच रुंदीची सागाची फळी ओल ३० वरून १५ टक्क्यांवर येताना सुमारे ७ मिलिमीटर आटू शकते. पेन्सिलीची जाडी तेवढीच असते. (ओलीचा टक्का काढतात तो पूर्ण वाळल्या लाकडाच्या वजनावर. ६०० ग्रॅमचा तुकडा भट्टीत पार सुकवल्यावर ५०० ग्रॅम भरला, तर ओल २० टक्के.) आणि २० टक्क्यांच्या खाली लाकूड राहिलं तर कुजवणारी बुरशी त्यात जगत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

म्हणजे लाकूड वाळणारच आहे. ते भिंतीत बसण्याआधी वाळेल की तुमच्या घरात, तुमच्या खर्चाने वाळेल, एवढाच प्रश्न.

पूर्वीचे लोक आधी वाळवत. माझ्या नानांच्या घरी गोठ्याच्या माळ्यावर फळ्या वर्षानुवर्षं पडून असत. मुलीच्या लग्नाआधी चार वर्षं लाकूड चिरून ठेवायचं आणि मग त्याचं कपाट करायचं. बोटीवर नोकरी करणारा माणूस दर सुट्टीत थोडं-थोडं सामान जमवायचा, त्यामुळे घर बांधायला दहा वर्षं लागत आणि तेवढ्यात लाकूड आपोआप वाळे. आता सुट्टी ४५ दिवसांची. त्यात पायाही भरायचा आणि दारंही बसवायची. या घाईला उत्तर म्हणून भट्टी, म्हणजे वखारवाले ज्याला 'सीझनिंग प्लांट' म्हणतात ती.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर आम्ही छप्पर, पडवी, माळा आणि सगळी दारं नव्याने करायची ठरवलं. भाऊ म्हणाला, "आपा, लोखंडी कैच्या टाकू आणि फायबरची दारं. एकदाच काय ते." त्याचं अगदी चूक होतं असं मी म्हणणार नाही, अनेकांनी तेच केलं आहे. पण समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला दर दोन-तीन वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागतो आणि वर चढून ते करणार कोण? शिवाय अम्मीला लाकडी घरच हवं होतं. घर तिचं आहे.

आमचे सुतारकाका सत्तरीच्या पुढचे. अब्बांच्या हयातीतही घराचं काम त्यांनीच केलं होतं. भट्टीचं नाव काढल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "बाय, भट्टीचं लाकूड जळकं. रंधा मारला की तुकडं पडतात." मला वाटलं जुन्या माणसाचा हट्ट. पण पनवेलच्या बाजूला एक भट्टी पाहायला गेले, तेव्हा काका काय म्हणत होते ते कळलं.

भट्टी म्हणजे विटांची भट्टी डोळ्यांसमोर आणू नका. ती एक मोठी बंद खोली असते. फळ्यांचे थर रुळावरच्या ट्रॉलीवर रचतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालतात, सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत, नाहीतर फळी तिथेच वाकायला शिकते. वर वजन ठेवतात. वाफेच्या नळ्यांनी हवा तापते, पंखे ती थरांमधून फिरवतात आणि ठरावीक वेळाने उलट्या दिशेने फिरू लागतात. बॉयलरमध्ये जळतो तो वखारीचाच भुसा आणि ढलप्या.

मला चकित केलं ते एका गोष्टीने. पहिले काही दिवस खोलीतली हवा मुद्दाम दमट ठेवतात. वाळवायला आणलेल्या लाकडावर वाफ सोडतात! कारण एकदम कडक उष्णता दिली तर बाहेरचा थर झटकन वाळून कवच होतो, आतली ओल आतच कोंडते आणि आत ताण साठतो. मग लाकूड बाहेरून सुकं दिसतं, पण करवत घातली की फाटतं किंवा फळी अचानक वाकते. काकांनी पाहिलेलं 'जळकं' लाकूड ते हेच, घाईने भाजलेलं. नीट चालवलेल्या भट्टीत सुरुवात चाळीस-पंचेचाळीस अंशांवर, भरपूर दमट हवेत होते. ओल उतरेल तसतशी हवा कोरडी करत आणि तापमान वाढवत नेतात, आणि शेवटी पुन्हा थोडी वाफ देऊन ताण मोडतात. इंचाच्या फळीला एक-दोन आठवडे लागतात, जाड आणि कठीण लाकडाला त्याच्या कितीतरी पट.

दुसऱ्या खेपेला मी काकांना सोबत नेलं. तिथल्या माणसाने एका फळीच्या मधून आडवी चकती कापली, तिच्यातला मधला भाग करवतीने काढून दोन पायांचा चिमटा केला आणि काकांच्या हातात दिला. पाय सरळ राहिले तर लाकडात ताण नाही. आत वळून एकमेकांना भिडू लागले तर फळी कवच झालेली. हे पाय सरळ राहिले. काकांनी तो चिमटा खिशात टाकला आणि घरी आणला. तो अजून त्यांच्या पेटीत आहे. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "मीटर केवढ्याला मिळतो?"

मीटर म्हणजे ओल मोजायचं यंत्र, टीव्हीच्या रिमोटएवढं, पुढे दोन सुया असलेलं. घर बांधणाऱ्याने तो स्वतः विकत घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वखारीत 'सीझन केलेलं आहे' हे वाक्य फार स्वस्त झालंय. वर्षभर आवारात पडलेल्या लाकडालाही ते लावतात. मोजताना फळीच्या टोकाला सुई टोचू नका, टोकं नेहमी जास्त वाळलेली असतात. टोकापासून दीड-दोन फूट आत, आणि जमलं तर एखादी फळी मधोमध कापून तिच्या पोटात मोजा. वर १२ आणि पोटात २२ दाखवत असेल तर ते लाकूड घरी आणू नका.

आता किती ओल चांगली? इथे आमची दुसरी चूक होता होता वाचली. भावाने मस्कतमध्ये कुणाकडून ऐकलं होतं की आठ टक्क्यांचं लाकूड सगळ्यात भारी. वाळवंटात, रात्रंदिवस एसी चालणाऱ्या खोलीत ते भारी असेल. लाकूड हवेशी जुळवून घेतं. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की लाकूड अठरा टक्क्यांच्या आसपास जाऊ पाहतं, आणि फेब्रुवारीत पुन्हा बारा-तेरावर उतरतं. आठ टक्क्यांचं दार श्रीवर्धनला बसवलं तर जुलैत ते चौकटीत असं फुगून बसेल की खांद्याने ढकलावं लागेल. भारतीय मानक ब्यूरोने यासाठी देशाचे आर्द्रतेप्रमाणे चार विभाग केले आहेत (मानक क्रमांक २८७). आपला किनारा सगळ्यात दमट, चौथ्या विभागात येतो. तिथे दोन इंच किंवा त्याहून जाड दाराखिडक्यांच्या लाकडाला १६ टक्के, त्याहून पातळला १४ आणि तुळया-वाशांना २० टक्क्यांपर्यंत ओल चालते. आम्ही झडपांसाठी १४, चौकटींसाठी १६ सांगितलं आणि वाशांसाठीही १६ च मागितलं. भट्टीवाल्याला आकडा सांगितला की तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हा माझा अनुभव.

लाकडाच्या जातीबद्दल थोडक्यात. 'बर्मा साग' अशी पाटी दिसली तर जरा थांबा. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. बाजारात येणारा आयात साग बराचसा आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा असतो. तो वाईट नसतो, पण झाडं कोवळी असल्याने बाहेरचा पांढरट भाग जास्त निघतो, आणि सागाचं नाव जे टिकलंय ते आतल्या तपकिरी गाभ्यामुळे. पांढऱ्या भागाला कीड लागते, मग तो सागाचा का असेना. आम्ही दारं-चौकटी महाराष्ट्रातल्या सागाच्या केल्या आणि वासे आयात सागाचे. स्वतःच्या वाडीतला साग तोडायचा असेल तरी वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना लागतो, हे विसरू नका.

जाड तुळईचा मोह आम्ही सोडला. सहा इंची चौकोनी तुळई भट्टीत आतपर्यंत वाळवणं फार वेळखाऊ आणि महाग, आणि पुष्कळदा ती पोटात ओलीच राहते. त्याऐवजी दोन-दोन इंची फळ्या वाळवून, जोडून, बोल्ट मारून काकांनी तुळया केल्या. पडवीच्या खांबांना खाली दगडी बैठक आणि लोखंडी बूट दिला, म्हणजे वजू करताना पाणी सांडलं तरी खांबाचा पाय ओला राहत नाही. भिंतीवर सिमेंटचा पट्टा ओतून त्यात सळ्या सोडल्या आणि वासे त्या पट्ट्याला लोखंडी पट्ट्यांनी बांधले. कडेची आणि आढ्याची कौलं तारेने जखडली. हे वादळाने शिकवलेलं.

भट्टीने वाळवी थांबते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. भट्टीच्या उष्णतेने लाकडात आधीपासून असलेली कीड आणि अंडी मरतात. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांनाही याच कारणाने गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं द्यावी लागते. पण नंतर येणाऱ्या वाळवीला भट्टीची भीती नाही. तिच्यासाठी जमिनीत, भिंतीच्या बुडाशी औषध मारावंच लागतं आणि लाकडाला, विशेषतः कापलेल्या टोकांना, औषधाचा हात द्यावा लागतो. तो आम्ही दिला.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. चांगलं वाळवलेलं महागडं लाकूड आणतात आणि नुकतंच प्लास्टर झालेल्या, लादी बसवत असलेल्या खोलीत रचून ठेवतात. ओलं प्लास्टर आठवड्यानुआठवडे पाणी सोडत असतं आणि लाकूड ते पीत असतं. भट्टीला दिलेले पैसे तिथेच पाण्यात जातात. आमचं लाकूड डिसेंबरात आलं. आधी ते पडवीत, जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये पट्ट्या घालून तीन आठवडे ठेवलं. वर ताडपत्री, पण बाजू उघड्या. प्लास्टर पूर्ण सुकल्यावरच चौकटीत झडपा बसल्या. दाराच्या आतल्या फळ्या काकांनी खाचेत मोकळ्या सोडल्या, डिंक लावला नाही, कारण वाळवलेलं लाकूडही ऋतूप्रमाणे थोडं श्वास घेतंच. पॉलिश सहाही बाजूंनी दिलं. दाराची वरची आणि खालची कड कुणाला दिसत नाही म्हणून पॉलिशवाले सोडून देतात आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. उभं राहून करून घ्या. बाकी, भट्टीचा खर्च आमच्या पॉलिशवाल्याच्या बिलापेक्षा कमी निघाला, हे भावाने हिशेब लावला तेव्हा आम्हा दोघांनाही खरं वाटेना.

दादाजींच्या आंब्याच्या उरलेल्या अकरा फळ्या गोठ्यात होत्या. त्यातल्या सात भट्टीत टिकल्या, चार आधीच किडीने खाल्लेल्या निघाल्या. त्या सातांना औषध देऊन काकांनी त्यांची माळ्यावर मांडणी केली. तांदळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आता तिथे असतात. वजन पेलणारं काम आंब्याला द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

तेव्हापासून तीन पावसाळे झाले. पुढच्या दाराची कडी एका बोटाने लागते. मागचं दार मात्र दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, वरच्या कोपऱ्यात अडकायला लागलं आणि मी घाबरून काकांना बोलावलं. त्यांनी मीटर टोचला, १८ आला. रंधा पिशवीतून काढलाच नाही. "पावसात दार तासायचं नसतं बाय. आता तासलं तर जानेवारीत फट दिसेल. दिवाळीपर्यंत जरा जोर लावून ओढा," म्हणाले आणि अम्मीच्या हातचा चहा पिऊन गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दार आपोआप मोकळं झालं.